तहकूब

माझ्याकडे एकतीस चाव्या आहेत.
बुद्धिबळवाल्यांची पितळी, तिचे दात झिजलेले.
गायनवृंदाची लाल दोरीची.
ती पोरं क्रोएशियाहून आलेल्या पणज्यांची गाणी म्हणतात
आणि अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात.
पक्षीवाल्यांची चावी दर महिन्याला हरवते;
हजारो पेंग्विन मोजतात, स्वतःचा खिसा सांभाळत नाहीत.

आणि ही चौदा नंबरची.
कार्यालयातून कागद आला :
वारा मंडळ. सभासद पाचाहून कमी. मान्यता रद्द.
खोली रिकामी करून टेबल-टेनिसला द्यावी.

पुन्ता अरेनासमध्ये वाऱ्याचं मंडळ काढणं म्हणजे
माशांनी पाण्याचं मंडळ काढणं.
इथे वारा चढला की चौकात दोर बांधतात,
माणसं दोर धरून बँकेत जातात.
माझ्या नवऱ्याची टोपी एकदा उडाली,
ती सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे पोचली
असं तो मरेपर्यंत सांगत होता.

खोलीत तीन खुर्च्या, त्यातली एक बसण्यासारखी.
खिडकीची झडप आपटत होती.
टेबलावर इतिवृत्ताची वही.

पहिली पानं गजबजलेली. अकरा सह्या.
बिस्किटांच्या खर्चावरून वाद,
खजिनदाराचा राजीनामा, तो नामंजूर, पुन्हा राजीनामा.
मग नऊ जण. मग सहा.
दोघं सान्तियागोला गेले,
एक प्रेमात पडला आणि गायनवृंदात गेला.
मार्चपासून एकच अक्षर, उजवीकडे कललेलं,
लिहितानाही खिडकी उघडी असावी तसं :

गुरुवार. वायव्य, ताशी एकाहत्तर.
उपस्थित : योर्दाना वुकासोविच.
गणसंख्या नाही. सभा तहकूब.

गुरुवार. पश्चिम, ताशी अठ्ठ्याऐंशी.
उपस्थित : वरीलप्रमाणे.
ठराव : झडप दोरीने बांधावी.
सूचक : यो. वुकासोविच. अनुमोदक :
(इथे कोरी जागा)
सभा तहकूब.

गुरुवार. वारा नाही.
उपस्थितांनी थोडा वेळ वाट पाहिली.

अशी पानंच्या पानं.
आणि जूनमध्ये एके ठिकाणी मी :

चावीवाल्या सेन्योरा आल्या, दिवे मालवा म्हणाल्या.
जाताना म्हणाल्या, आज जिन्यात वारा रडत नाहीये,
शीळ घालतोय, म्हणजे उद्या बर्फ.
नोंद घेतली.

समासात, दुसऱ्या शाईने : पडला.

मला काही आठवत नाही.
मी रोज रात्री एकतीस दारांवर काहीबाही बोलत जाते,
कुणी लिहून घेत असेल असं कसं वाटणार?

योर्दाना आता पोर्वेनीरच्या बोटीवर तिकिटं फाडते म्हणे.
वारा फार झाला की
'आज फेरी नाही' ही पाटी तीच लावते.

वहीच्या शेवटी नियमावली चिकटवलेली होती.
नियम बारा : गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा
त्याच जागी अर्ध्या तासाने पुन्हा भरेल.
त्या सभेला गणसंख्येची अट राहणार नाही.

म्हणजे पोरीने बारावा नियम वाचलाच नव्हता.
किंवा वाचला होता,
आणि दर गुरुवारी ती तो अर्धा तास बसून काढत होती.

टेबल-टेनिसवाले सोमवारी येणार.
मी धड खुर्ची ओढून बसले.
नऊ वाजले होते, साडेनऊ होऊ दिले.
मग झडपेच्या ठरावापुढे, कोऱ्या जागेत,
नेलिदा बारिया, अशी सही केली.
गायनवृंदाच्या आवाजाबद्दलचा ठराव मात्र तसाच सोडला,
त्यांची गाणी मला आवडतात.

झडप बांधली. खेकड्यांच्या पिंजऱ्याला
वडील मारायचे ती गाठ.
नवीन पान उघडलं. तारीख घातली. नैऋत्य, लिहिलं.
ताशी किती ते सांगणारं यंत्र मला कळत नाही.
पुष्कळ, असं लिहिलं.